हट्टी दगडाची ओवी

कातळकोंडच्या बारगोड्यांचं घर दोनदा बांधलं गेलं. पहिलं जांभ्या चिऱ्याचं, कातळी सड्याच्या पठारी उतारावर, मागे फणस आणि पुढे ऐसपैस अंगण असलेलं. ते महामार्गाच्या रुंदीकरणात गेलं. दुसरं बांधलं ते भुईकोटात, आणि ते अजून उभं होतं.

भुईकोट हा खेळ. त्यातलं सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं: मातीचे ठोकळे, पाण्याचे, लाकडाचे, दगडाचे. दिवसा खणायचं, बांधायचं, पिकवायचं. सांज झाली की रानातून जनावरं उतरतात, त्यांच्यापासून जीव राखायचा. डोळ्यांवर चष्मा, हातांत स्पर्शमोजे. मोज्यांच्या अस्तरात बारीक तारांची जाळी असते. ती आवळते, सैलावते, थरथरते, आणि हाताला वाटतं की आपण खरंच पहार धरली आहे. जांभा खणला तर तळहाताला खरखर लागते. काळ्या कातळावर घण घातला तर झिणझिण्या कोपरापर्यंत जातात.

ओजस आणि त्याची थोरली बहीण शर्वाणी यांनी तिथे आपलं गेलेलं घर चिरा चिरा करून उभं केलं, तेव्हा त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. चष्मा लावून ती पडल्या पडल्या सांगायची: पायरी अजून खाली घ्या, चुलीचं तोंड उगवतीला करा, कंदील देवळीत ठेवा, तिथेच असायचा तो. घर पुरं झालं आणि थोड्याच दिवसांत आई गेली. त्यानंतर त्या घरातली एकही वस्तू कुणी हलवली नव्हती.

मैथिलीने हलवली होती.

साखरपुडा झाल्यावर ओजसने तिला पहिल्यांदा त्या घरात नेलं. मैथिली मिरजेची. बोलताना अडखळणाऱ्या मुलांना बोलतं करणं हे तिचं काम, त्यामुळे गप्प बसलेल्या वस्तूंशीही तिला बोलावंसं वाटे. देवळीतला कंदील पाहून तिला वाटलं, हा खिडकीत असता तर बाहेरून येणाऱ्याला दिसला असता. तिने तो उचलून खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहते तो कंदील परत देवळीत. कुणी रागावलं नाही. ओजस हसला, म्हणाला, ताईचं असंच आहे. मैथिलीही हसली. पण शर्वाणीला तिने अजून प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं, आणि तिची झालेली ही पहिली ओळख तिच्या मनात खड्यासारखी राहिली. आपण कुणाच्या घरात जाणार आहोत की कुणाच्या आठवणीत, हे तिला कळेना. घरात हातपाय पसरता येतात. आठवणीत पाहुण्यासारखं बसावं लागतं.

शर्वाणी होती पृथ्वीच्या पार तळाशी, दक्षिण ध्रुवाजवळच्या एका संशोधन तळावर. ती बर्फ खोदायची. खोल छिद्रं पाडून जुन्या बर्फाच्या कांड्या वर काढायची आणि त्यांत अडकलेली लाखो वर्षांपूर्वीची हवा मोजायची. लग्न ठरलं वैशाखात. कोकणात तेव्हा फणस पिकून घमघमत असतात आणि तिकडे हिवाळ्याची लांबलचक रात्र पडते. विमान येत नाही, जात नाही. शर्वाणीला येणं शक्यच नव्हतं.

पण बारगोड्यांच्या घरात नवी नवरी बहिणीने दार अडवल्याशिवाय आत येत नाही. बहीण उंबऱ्यात हात पसरून उभी राहते, काहीतरी मागते, वहिनी कबूल करते आणि मग वाट मिळते. तेव्हा ठरलं असं की लग्न लागेल रत्नागिरीच्या कार्यालयात, आणि दुपारी वधूवर तिथेच चष्मे-मोजे चढवून भुईकोटातल्या घराच्या दारात उभे राहतील. शर्वाणी आतून दार अडवेल.

"हाताने अडवून काय मजा," तिने ध्रुवावरून कळवलं. "मी दगडाने अडवते."

आणि तिने दारात एकच ठोकळा बसवला, उंबऱ्यापासून तुळईपर्यंत अख्खा. ठोकळा हट्टीचा होता.

हट्टी हा भुईकोटातला सगळ्यात चिवट दगड. तो खेळ रचणाऱ्यांच्या डोक्यातून आलेला नव्हता, एका प्रयोगशाळेतून आला होता. तिथल्या लोकांनी समुद्राचे बांध घालण्यासाठी एक नवं द्रव्य बनवलं होतं. पहार धरून धरून माणसाच्या तळहाताला घट्टे पडतात, तसे त्या द्रव्याला मार खाऊन घट्टे पडायचे. लाट जिथे आपटेल तिथले आतले धागे तुटून पुन्हा जुळायचे, आणि जुळताना आधीपेक्षा पक्के व्हायचे. पुढे तर त्याला अंदाज बांधायची सवय लागली. लाटांचा ठेका ओळखून पुढची लाट जिथे नि जेव्हा येणार, तिथे ते आधीच ताठ होऊन बसे. बांधासाठी याहून चांगलं काय? पण तोवर नवा कायदा आला होता, की जे मोडायची रीत माहीत नाही ते बांधायचं नाही. शहरांच्या गळ्याशी आलेल्या जुन्या राडारोड्याने सगळ्यांना शहाणं केलं होतं. म्हणून प्रयोगशाळेने त्या द्रव्याचा स्वभाव जसाच्या तसा भुईकोटात सोडला आणि जगभरच्या खेळणाऱ्यांना सांगितलं, फोडून दाखवा.

लोकांनी घण घातले, सुरुंग लावले, यंत्रं जुंपली. यंत्राचा ठेका तर हट्टी पाहता पाहता शिकायचा. उलटंसुलटं, कसंही मारलं की सगळीकडून सारखाच कठीण व्हायचा. सोय एवढीच होती, की ज्याने हट्टी ठेवला त्याला तो पुन्हा उचलता येत असे. मात्र इतरांच्या हातचा फार मार खाल्लेला हट्टी ठेवणाऱ्यालाही जुमानत नसे. तेव्हा शर्वाणीचा बेत साधा होता: थोडी गंमत करायची, हवं ते मागायचं आणि दगड उचलायचा.

काय मागणार, ते मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मैथिलीने ओजसला खोदून खोदून विचारलं. त्याने खांदे उडवले.

"माझी मुलगी तिच्या मुलाला मागेल," मैथिली म्हणाली.

"तिला मुलगा कुठाय? ती फार तर तुझ्या मुलीसाठी पेंग्विन आणेल."

मैथिली हसली, पण तिला वाटत होतं तिला उत्तर ठाऊक आहे. घरातलं काही हलवू नकोस, हेच ती मागणार. आणि लग्नाच्या दिवशी, सगळ्यांसमोर, नाही म्हणायचं तरी कसं?

हळदीच्या दिवशी ओजसच्या सुलभाकाकूने अंगणात उखळ मांडलं आणि घाणा भरायला मैथिलीला पुढे बसवलं. आंब्याच्या पानांनी सजवलेली दोन मुसळं, एकाच उखळात दोघींनी कांडायचं. मैथिलीने मिरजेला हे पाहिलेलं होतं, पण कातळकोंडची तऱ्हा वेगळी होती. एक बाई ओवी म्हणते. ओवीचे तीन चरण तिचे; चरणाअखेर यमक आलं की तिचं मुसळ पडतं. चौथा चरण आखूड, अर्धाच, तो समोरचीचा. ती म्हणते आणि ती घाव घालते. मग पुढची ओवी.

*हळकुंड फुटे बाई, उखळ दणाणे,*
*करवलीचे हात गं पिवळे शहाणे,*
*नवरीच्या गालाला कुणी काय म्हणे,*
*लाजू नको.*

मैथिलीचं मुसळ दरवेळी उशिरा पडायचं आणि काकूच्या मुसळावर आपटायचं. काकूने तिच्याकडे पाहिलं.

"काय गो, वाट कसली बघतेस? चरण संपला की कळतं. ओवीला मापाची अक्षरं नाहीत, कधी लांब, कधी आखूड. कान लावून बसलीस तर चुकशील. तू पण मनात म्हणत राहा."

मग मैथिली मनात म्हणू लागली आणि मुसळं सरळ पडू लागली. काकू सांगत होती, शर्वाणी लहानपणी आईसोबत असेच पोहे कांडायची. अर्धा चरण कायम तिचा. लहान पोरीला अर्धाच द्यायचा, म्हणजे हात दुखत नाहीत.

लग्न लागलं. जेवणं उरकली. दुपारच्या पेंगेला आलेल्या कार्यालयात खुर्च्या मागे सरकवून मोकळी जागा केली, आणि वऱ्हाडातल्या निम्म्या लोकांनी चष्मे चढवले. मैथिलीने हिरव्या चुड्यावरून स्पर्शमोजे ओढले. डोळे उघडले तो समोर सडा, चौकोनी ढग, आणि उतारावर बारगोड्यांचं घर. दारात काळाभोर हट्टी. त्याच्या एका कडेला बोटभर फट होती, तिच्यातून आतल्या शर्वाणीच्या साडीचा काठ दिसत होता. खास लग्नासाठी तिने भुईकोटात नऊवारी विणून घेतली होती.

"कोण आहे दारात?" आतून आवाज आला. तो येताना क्षणभर उशीर होत होता. इतक्या लांबून, उपग्रहाला वळसा घालून यायचा.

ओजसने उखाणा घेतला, शर्वाणीने तो नापास केला. दुसरा घेतला, तोही नापास. मैथिलीच्या उखाण्याला आतून टाळी आली, तीही उशिरा. मग शर्वाणी म्हणाली, आता मागते, त्याआधी दगड तेवढा बाजूला घेते, तोंड बघून मागेन.

आणि मग काहीच झालं नाही.

"ओज्या," जराशाने ती म्हणाली, "हा उचलत नाहीये."

पहिल्यांदा सगळ्यांना थट्टाच वाटली. मग ओजसने दगडाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. त्याने आयुष्यात बरेच हट्टी हाताळले होते, पण हा पोलादासारखा गार आणि मुका होता. किती मार खाल्लाय याने, तो पुटपुटला. कुणी मारलं याला?

मैथिलीच्या मागे कुणीतरी घसा खाकरला. ती तिची शकूमावशी होती, पोस्टातून निवृत्त झालेली आणि मिरजेच्या भजनी मंडळाची पुढारी. हळूहळू तिने सांगून टाकलं. आपल्या पोरीला नणंदेच्या दारात तिष्ठत उभं राहायला लागू नये म्हणून मंडळाच्या सगळ्या बायका रोज दुपारी भुईकोटात येऊन दगड नरम करत होत्या. दारापुढे रांगेत उभं राहायचं आणि भजन म्हणत घण घालायचे.

"भजनाच्या ठेक्यात?" ओजसने विचारलं.

"मग काय बेताल घालणार?" मावशी म्हणाली. "एकीचाही घण मागेपुढे नाही पडला."

मैथिलीने डोळे मिटले. मिरजेच्या बायकांचा ताल. तासन् तास, एका मात्रेचीही चूक न करता. हट्टीला याहून चांगली शाळा कुठे मिळणार होती? जगात बहुधा इतका पक्का हट्टी दुसरा नव्हता.

कार्यालयात हसू फुटलं. आतून शर्वाणीही हसली, पण मग तिने जे सांगितलं त्याने हसू विरलं. तिच्या तळावर वादळ येऊ घातलं होतं. थोड्याच वेळात मोठी अँटेना मिटवणार होते. पुढे हिवाळा संपेपर्यंत फक्त कामापुरते निरोप. ना आवाज, ना भुईकोट.

ओजस म्हणाला, बाजूची भिंत फोडून आत जाऊ. म्हणाला खरा, पण त्याचा हात उचलेना. ती आईने सांगून रचलेली भिंत होती. मैथिलीनेच त्याचं मनगट धरलं. भिंतीला हात लावायचा नाही, ती म्हणाली. या घरात पहिल्याच दिवशी भिंत पाडून शिरायचं तिला नको होतं.

ती फटीपाशी गेली. पलीकडे शर्वाणी अगदी जवळ उभी होती.

"ताई, एक विचारू? हात आडवे धरले असते तरी चाललं असतं. हट्टीच का ठेवलात?"

साडीचा काठ फटीच्या आणखी जवळ सरकला.

"हात धरले असते तर तुम्ही पटकन आत आला असतात," शर्वाणी म्हणाली. "माझ्या वाटणीचं लग्न तिथेच संपलं असतं. पुढे इथे नुसता अंधार. म्हटलं, दगड ठेवला तर जरा वेळ थांबाल माझ्या दारात."

मैथिलीच्या मनातला तो खडा हलला. तिने दगडावर तळहात ठेवला आणि विचार करू लागली, शिकवण्यांत एखादं मूल अडून बसलं की करायची तसा.

हट्टी पुढचा घाव ओळखतो आणि तिथे ताठ होतो. पण एका बाजूला ताठ व्हायचं तर आतलं बळ दुसऱ्या बाजूकडून ओढून आणावं लागतं. म्हणजे पुढून घाव येणार म्हणून तो ताठलेला असताना घाव मागून आला तर? तेही लोकांनी करून पाहिलं होतं, दोघं दोन बाजूंनी, एकाआड एक. हट्टी तेही शिकला होता. ठेका आला की तो शिकणारच.

आणि ठेका नसेल, पण दोघींना ठाऊक असेल की घाव कधी पडायचा?

"ताई," मैथिली म्हणाली, "पोहे कांडताना अर्धा चरण तुमचा असायचा ना?"

पलीकडून घण उचलल्याचा आवाज आला. शर्वाणीला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

ओवीला ठरलेला ठेका नसतो. चरण कधी लांबतो, कधी चटकन संपतो. कुठे संपणार ते यमकावरून कळतं, आणि यमक कळायला आधी अर्थ कळावा लागतो. दगडाला सगळं शिकवता येत होतं. हे कसं शिकवणार?

मैथिलीने पहिली ओवी घातली. तीन चरण, तीन घाव. आतून अर्धा चरण आला, पण उशिरा, आणि तोवर दगड सैलावून पुन्हा सावध झाला होता. दुसरी ओवी, तेच. शर्वाणी चिडून म्हणाली, तुझा आवाजच मला उशिरा येतो गं, त्यावर माझा घाव आणखी उशिरा जातो, काय करू?

"मला ऐकू नका," मैथिली म्हणाली. तिच्याकडे येणारी मुलं बोलताना अडायची, पण गाताना अडत नसत. गाताना पुढचा शब्द शोधावा लागत नाही, तो आपण होऊन येतो. "ओवी तुम्हीच घाला. मी तुमच्या मागून येते. तुमचा आवाज मला पोचेल तेव्हा मी मारीन, आणि तुम्ही तुमचा अर्धा चरण माझी वाट न बघता मारा. दोन्ही इथे एकदमच पोचतील."

शर्वाणीने गायला सुरुवात केली. आवाज बसका होता, कित्येक दिवसांत न गायलेला.

*बर्फाच्या देशात गं सूर्य निजला,*

मैथिलीचा घण पडला. झिणझिण्या कोपरापर्यंत गेल्या.

*लेकीच्या डोळ्यांत गं गाव भिजला,*

सुलभाकाकूने चष्म्याखाली बोट घालून डोळा पुसला.

*भावाच्या दारात गं हात थिजला,*

तिसरा घाव. हट्टी चौथ्यासाठी पुढून ताठला. मोज्यातून मैथिलीला त्याचं ताठणं कळलं, दार ढकलताना पलीकडून कुणी पाठ लावावी तसं.

*सोड गं.*

घाव मागून आला, वेळेआधी, अर्ध्यावर. दगडातून एक बारीक आवाज निघाला, चुलीवरच्या मडक्याला तडा जावा तसा.

शकूमावशीने झांजा आणल्या होत्या, त्या तिने दोन्ही हातांनी गच्च दाबून धरल्या, चुकून ठेका लागायला नको म्हणून. आता मैथिलीने घातली ओवी, आणि शर्वाणीने तिसरा चरण पोचायची वाट न बघता आपल्या मनाने पुढचा अर्धा चरण धरला. दोघींना आता एकमेकींचा अंदाज आला होता.

*दगडाला फुटेना गं पाझर पाण्याचा,*
*नणंदेला सुटेना गं हट्ट दाराचा,*
*भावजय घेई ठाव तिच्या मनाचा,*

अर्धा चरण शर्वाणीला सुचला नसावा, कारण ती नुसतीच हसली. पण हसता हसता घण मात्र पडला, आणि बरोबर पडला.

हट्टी फुटला. त्याचे काळे तुकडे पायरीवरून गडगडत अंगणात गेले आणि दारात उजेड झाला. दगडाच्या कडांचे चार कपरे, टोकदार तुकडे, चौकटीला तसेच चिकटून राहिले. शकूमावशीच्या झांजा सुटल्या. लांबच्या कुठल्यातरी प्रयोगशाळेत त्या घटकेला एक दिवा लागला असेल, आणि पुढे तिथल्या लोकांनी ओवी म्हणजे काय हे समजून घ्यायला कातळकोंडला खेपा घातल्या. पण ती गोष्ट वेगळी.

उंबऱ्यात शर्वाणी घामाघूम झाल्यासारखी उभी होती, भुईकोटातली माणसं घामेजत नाहीत तरी. तिने रीतीप्रमाणे दोन्ही हात आडवे धरले.

"आता मागते," ती म्हणाली. "मी ठरवून आले होते की घरातलं काही हलवू नकोस असं मागायचं."

"माहीत होतं मला," मैथिली म्हणाली.

"तो कंदील मीच परत ठेवला होता."

"तेही माहीत होतं."

शर्वाणीने आडवे हात आणखी ताणले.

"आता दुसरं मागते. सगळं हलव. कंदील, चूल, पायरीसुद्धा. आईने आम्हाला सांगितलं तसं आम्ही बांधलं, ते आता पुरे झालं. मी परत येईन तेव्हा मला घरात राहती माणसं दिसली पाहिजेत. दे वचन."

मैथिलीने तिचे आडवे हात धरले. मोजे आवळले. पृथ्वीच्या दोन टोकांना असलेल्या दोन हातांना एकमेकींचा तळवा लागला, आणि दोघींच्याही तळव्यांना घट्टे पडल्यासारखं वाटलं. दिलं, मैथिली म्हणाली. शर्वाणी बाजूला झाली. मैथिलीने तांदळाचं माप पायाने लवंडलं, तांदूळ चौकोनी होऊन घरभर सांडले, आणि सगळे हसत असतानाच शर्वाणी दाराला टेकल्या टेकल्या स्तब्ध झाली. अँटेना मिटली होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच राहिलं.

दिलेल्या वचनाला मैथिली जागली, पण घाई केली नाही. पावसाळाभर ती आणि ओजस त्या घरात जात राहिले. चूल थोडी पुढे आली. परसात मैथिलीने शिकवण्यांतल्या मुलांसाठी ओटा बांधला. तिथे मुलं ओव्या म्हणत हट्टीवर हात साफ करत, आणि फोडता फोडता अडखळणं विसरत. कंदील तिने शेवटी हलवला. खिडकीत ठेवला, जिथे तिने पहिल्या दिवशी ठेवला होता.

गणपती झाले, नवरात्र झालं. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी ती भुईकोटात गेली आणि सवयीने खिडकीकडे पाहिलं. कंदील तिथे नव्हता. ती देवळीपाशी गेली. देवळीही रिकामी होती.

मग ती मागे वळली. दाराच्या चौकटीला हट्टीचे जे कपरे चिकटून राहिले होते, त्यांतल्या एकाला वरून दोरी बांधून कंदील टांगलेला होता, बरोबर उंबऱ्यावर, येणाऱ्यालाही दिसेल आणि जाणाऱ्यालाही. तो अजून मंद झुलत होता.

"ओजस," तिने हाक मारली, "घाणा भरायचं उखळ बाहेर काढ. तिकडची रात्र संपली, ताई निघाल्यात. या वेळी दार मी अडवणार आहे."